किल्ली आपल्या हातानं

लेप्पामाकी, ९ मार्च १९९७

कैसू,

तुझं कार्ड पोचलं. पुढे मासा, मागे दोन ओळी. ‘मी बरी आहे. गाडीबद्दल काही लिहू नकोस.’ त्याखाली वसतिगृहाचा फोन नंबर आणि कंसात ‘कुणी मेलंबिलं तरच.’ अजून कुणी मेलेलं नाही, म्हणून फोन न करता तिकीट चिकटवतेय.

गाडीबद्दल लिहू नको म्हणतेस. मग काय लिहू? रस्त्याकडेचा बर्फ काळा पडलाय. गुरुवारी वाटाण्याचं सूप केलं. झालं, संपली बातमी. ह्या घरात त्या मान्ता गाडीशिवाय दुसरं आहे काय? तुझा म्हातारा आजोबा उठतो, कॉफी पितो, शेडमध्ये जातो. जेवायला येतो, परत शेडमध्ये जातो. अंगाला पेट्रोलचा असा वास बसलाय की शनिवारी सॉनामध्ये तासभर वाफ घेतली तरी निघत नाही. मी म्हटलं, “आर्मास, एक दिवस तू चुलीजवळ बसशील आणि सगळं घर उडेल.” म्हणाला, “मग तुला हवं होतं तसं नवं मिळेल.”

तू त्या शर्यतीच्या दिवशी ओरडत होतीस, त्यामुळे तू काय पाहिलंस देव जाणे. मी कडेला थर्मास घेऊन उभी होते, मी सगळं पाहिलं. तू फायनल जिंकलीस. नियम तुला माहीत, त्याला माहीत, खडीच्या खाणीतल्या आपल्या ट्रॅकवर हुंगत फिरणाऱ्या कुत्र्यालासुद्धा माहीत. शर्यत संपली की कुणीही कुठलीही गाडी ठरलेल्या किमतीला विकत मागू शकतो. चिठ्ठी डब्यात टाकायची, चिठ्ठ्या जास्त झाल्या तर एक उचलायची, आणि मालकानं मुकाट्यानं किल्ली द्यायची. किंमत अशी की धड चार टायर येणार नाहीत. पैसेवाल्यांनी पैसे ओतून गरिबाला हरवू नये म्हणून केलेला नियम. म्हणून तर शहाणे लोक इंजिन चर्चच्या घड्याळासारखं लावतात आणि बाहेरून गाडीचं डुकराचं खुराडं करून ठेवतात. दारं चेपलेली, रंग झाडूनं फासलेला. बघून कुणाला मागावीशी वाटू नये.

आणि आपलं ध्यान? मेण लावून, फडक्यानं पुसून गाडी आणतं! चिखलात शर्यत, आणि त्याआधी आरशासारखी गाडी. मागणार नाहीत तर काय करतील? मागितली. तर हा आत जाऊन बसला, दोन्ही दारं आतून लावली, आणि काचेतून म्हणाला, “देत नाही.” दंड मालकाला नसतो, चालवणाऱ्याला असतो. तुझा परवाना दोन मोसम बंद. तू म्हणालीस, “लग्न लाव तिच्याशी,” आणि नॉर्वेला मासे सोलायला गेलीस.

ती बंदी आता संपली. क्लबच्या पेंत्तीनं मला दुकानात थांबवून सांगितलं. त्या दिवसापासून म्हाताऱ्यानं गाडीवरची ताडपत्री काढलीय. म्हणतो, “कैसूला लिही. सप्टेंबरच्या शेवटच्या शर्यतीत तीच चालवणार. आणि लिही, ह्या वेळी कुणी मागितली तर किल्ली मी आपल्या हातानं देईन. सगळ्यांसमोर. तिच्यासमोर.”

त्याला माफी मागता येत नाही, बोल्ट आवळता येतात. लिही म्हणाला, लिहिलं.

साइमी

*

२७ एप्रिल

कैसू,

उत्तर नाही. ठीक. माझ्या हातात वेळ आहे, बटाटे लावायला अजून जमीन गार आहे.

इंजिन बाहेर काढलंय. तुळईला साखळी लावून टांगलं होतं, डुक्कर कापताना टांगतात तसं. मी खाली उभी राहून “आर्मास, तुळई कुरकुरतेय” म्हणत होते आणि तो “तुळई नाही, तू” म्हणत होता. वीस वर्षांची गाडी. आतली काजळी खरवडून काढली, तर माझ्या पावाच्या पाटाएवढी जाड निघाली. व्हॉल्व्ह मी घासले. ते काम मला जमतं. काडीच्या टोकाला व्हॉल्व्ह चिकटवायचा, पेस्ट लावायची आणि दोन तळहातांत काडी रवीसारखी घुसळायची. दूध डेअरीत नोकरी केली ती ह्याच्यासाठीच. घासून झालं की म्हातारा त्यात रॉकेल ओततो आणि झिरपतं का बघतो. एकातूनही झिरपलं नाही. तो पुढच्या कामाला लागला, म्हणजे चांगलं झालं असणार.

एक सांगायचं राहिलं. इंजिनाच्या हेडचा एक बोल्ट तुटला. जुना असेल. नवा रौनोनं आणून दिला. रौनो म्हणजे दुधाचा टँकरवाला, तुझ्याबरोबर शर्यती करायचा तो. अजून तसाच आहे, फक्त पोट पुढे आलंय.

बोल्ट जुना होता हे म्हातारा म्हणतो. मी पाहिलं ते असं की त्यानं तो सकाळी आवळला, जेवून आल्यावर आवळला आणि कॉफीनंतर पुन्हा पाना घेतला. मी म्हटलं, “किती वेळा पिळशील त्याला?” म्हणाला, “आत्ता तर पहिल्यांदा हात लावतोय.” मी म्हटलं, चेष्टा करतोय. त्याला माझी चेष्टा करायला आवडतं. मग बोल्ट कटकन गेला.

म्हणून मी बाहेरच्या खुर्च्यांसाठी आणलेला पिवळा रंग शेडमध्ये नेऊन ठेवलाय. आवळून झालं की मी त्या बोल्टावर एक ठिपका देते. ठिपका असेल तर हात लावायचा नाही. मोठ्या गॅरेजमध्येही असंच करतात म्हणे. म्हातारा म्हणाला, “गाडीला गोवर आलाय.”

त्याची तब्येत म्हणशील तर ठीक.

साइमी

*

२४ जून

कैसू,

मिडसमरची होळी ह्या वर्षी तळ्याकाठी पेटता पेटेना, पाऊस होता. सगळं गाव छत्र्या धरून ओल्या लाकडांकडे बघत उभं होतं. शेवटी पेंत्तीनं डिझेल ओतलं आणि भुवया जाळून घेतल्या. तू असतीस तर हसली असतीस.

गाडी चालू झाली. ते ऐकायला तू हवी होतीस. नुसती चालू झाली नाही, शेजारच्या शेतातल्या गायी कुंपणापर्यंत पळाल्या. मग दोन आठवडे कार्ब्युरेटर. रौनो गाडी खाणीत नेतो, जोरात दोन फेऱ्या मारतो, वळणावर गिअर सोडून एकदम इंजिन बंद करतो, आणि म्हातारा प्लग काढून चष्म्याशी धरतो. काळा असेल तर पेट्रोल जास्त, पांढरा असेल तर कमी, कॉफीत दूध घातल्यासारखा रंग आला की बरोबर. आपल्या म्हाताऱ्याला दुधाची कॉफी आवडत नाही, पण प्लगच्या बाबतीत त्याला तोच रंग लागतो. रौनो म्हणतो, तिसऱ्या गिअरला ती अशी ओढते की मान मागे जाते. म्हणतो, “कैसूला सांगा, मी फक्त गरम करून ठेवतोय. बसायचं तिनंच.”

आता माझं एक काम आहे तुझ्याकडे. गाडीचं नाही, चिठ्ठीचं.

शर्यतीनंतर लोक ही गाडी मागणार, ह्यात शंका नको. मालकाला चिठ्ठी टाकता येत नाही, शर्यतीत चालवणाऱ्याला येत नाही. पण घरच्यांना येते. लायनमच्या घरचे शर्यतीला येतात तेव्हा दोन काका, तीन सुना, पायानं अधू आजी, सगळे चिठ्ठ्या टाकतात, आणि डब्यात निम्मी नावं त्यांचीच. गेल्या सहा वर्षांत त्यांची एक गाडी गेली नाही. ज्याच्या घरी माणसं जास्त, त्याची गाडी त्याच्याकडे राहते. आमच्याकडे कोण? तुझी आई स्वीडनच्या कारखान्यात, तिला गाडीचा रंगसुद्धा आठवणार नाही. उरले मी. एक चिठ्ठी.

तू चालवली नाहीस तर तुझी चिठ्ठी धरून दोन होतात. चालवलीस तर तू चालवलीस. दोन्हीपैकी एक कर. मी त्याला हे सांगितलेलं नाही. तो म्हणतो, “मागू देत, मी देणार.” द्यायची त्याला हौस आली असेल, मला नाही आली.

म्हणून मी एक केलं. काल तो झोपला होता तेव्हा कुऱ्हाडीच्या पाठीनं डाव्या दाराला तीन हाणले. चांगले खोल. मग मागच्या पत्र्याला दोन. खुराडं करून टाकलं. कुणी बघणारसुद्धा नाही अशी केली. हात दुखले, पण बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

आज सकाळी तो शेडमध्ये गेला. मी म्हटलं, आता ओरडेल. गेले तर दाराचं आतलं कव्हर काढून, लाकडी हातोडी घेऊन आतून हळूहळू ठोकत होता. म्हणाला, “कैसूनं कुठेतरी घासलीय. तिला काही बोलू नकोस, तिला वाईट वाटेल. संध्याकाळपर्यंत नीट करतो.”

आणि केलं. मेणसुद्धा लावलं.

साइमी

*

१० ऑगस्ट

कैसू,

आरोग्य केंद्रात नेलं होतं. मी नेलं, तो आपणहून कशाला येतोय. तिथल्या नर्सनं विचारलं, साल कोणतं? म्हणाला, “ते तुम्हाला माहीत नाही का?” मग म्हणाली, आता कोणता महिना? म्हणाला, “बाई, ते राहू दे. तुमच्या बाहेरच्या गाडीचा पंख्याचा पट्टा शिट्टी मारतोय, आठवडाभरात तुटेल.” नर्सनं माझ्याकडे बघितलं. मी खिडकीकडे बघितलं. पट्टा खरंच शिट्टी मारत होता.

त्यांनी गोळ्या दिल्या. म्हणाले, ह्यानं बरं होत नाही, थोडं हळू होतं. मी म्हटलं, हळू तर तो आधीपासूनच आहे.

तेव्हा ‘तब्येत ठीक’ लिहिलं होतं ते खोडून टाक. गेल्या हिवाळ्यात त्यानं लोकरीच्या मोज्यांच्या खणात दुधाची पिशवी ठेवली होती, तेव्हापासून मला माहीत आहे. तुला कळवून काय होणार होतं? तू मासे सोलायचे सोडून येणार होतीस?

गाडी मात्र तो विसरत नाही. काल मी शेजारी बसले होते, मला म्हणाला, “तुम्ही कुठल्या गावच्या?” आणि त्याच तोंडानं, “पेट्रोलचा जेट एक नंबर लहान करायला हवा, दमट हवेत ती गुदमरते.” मी त्या बारीक भोकाच्या पितळी जेटची डबी दिली. त्यानं बरोबर उचलला. बोटांना ठाऊक आहे, डोक्याला नाही. कदाचित डोकं सगळं ह्या गाडीत गेलं असेल आणि ती विकली की विकलं जाईल.

आता पिवळे ठिपके सगळीकडे झालेत. मागच्या चाकांमधल्या गिअरच्या डब्यावर, स्टिअरिंगवर, आतल्या लोखंडी पिंजऱ्याच्या प्रत्येक जोडाला. दिवसभर त्याच्यामागे ब्रश घेऊन हिंडते मी. रात्री ठिपके डोळ्यांपुढे नाचतात.

वासा शहराहून इकडे बस आहे. पेंत्ती म्हणाला, कळवलंस तर तो घ्यायला येईल. त्याच्या भुवया परत आल्यात.

साइमी

*

३ सप्टेंबर

शर्यत १४ तारखेला, रविवारी. तू येणार का एवढं एका शब्दात लिही. ‘नाही’ हासुद्धा शब्द आहे.

साइमी

*

१५ सप्टेंबर

कैसू,

तू आली नाहीस.

शनिवारी मी त्याची दाढी केली. रविवारी स्वच्छ शर्ट घातला. सकाळपासून तो वाटेकडे बघत होता. रौनो हेल्मेट घेऊन आला तर म्हाताऱ्याचा चेहरा पडला. रौनोला कळलं. म्हणाला, “आर्मास, कैसूची बस चुकली असेल. मी फक्त पहिल्या दोन फेऱ्या मारतो, ती आली की उतरतो.” दुधाचा टँकर चालवणाऱ्याला एवढी अक्कल असते, आणि काहींना नसते.

पाऊस नव्हता. धूळ मात्र अशी की सॉसेजवर मोहरीऐवजी मातीच खाल्ली. खाणीच्या कडेला सगळे होते, लायनमची सगळी पिलावळ, शेजारच्या गावाचे, इल्मायोकीचे. मान्ता टेम्पोवरून उतरवली तेव्हा एकजण म्हणाला, “ही शर्यतीला आणलीय की लग्नाला?” मी म्हटलं, “तुझं जमत असेल तर लग्नाला.” मग सगळे गाडीभोवती गोळा झाले, वाकून वाकून बघायला लागले. त्यांचे डोळे बघूनच मला कळलं.

पहिल्या फेरीत रौनो तिसरा. दुसरीत पहिला. पाच गाड्या एकदम वळणावर जायच्या, चार घसरत बाहेर जायच्या आणि आपली मागचं टोक एवढंसं फिरवून सरळ निघायची. म्हातारा डोळे मिटून उभा होता. मी म्हटलं, “बघ ना.” म्हणाला, “ऐकतोय.” मग म्हणाला, “तिसऱ्या गिअरला जरा पेट्रोल जास्त.” त्याशिवाय काही नाही. फायनलला रौनो दुसरा आला. उतरल्यावर म्हणाला, “कैसू असती तर पहिली आली असती. मी शेवटच्या वळणाला घाबरलो. गाडी नाही घाबरली, मी घाबरलो.”

मग डबा. कॉफीचाच जुना डबा, पेंत्ती धरून उभा. आपली चिठ्ठी मी टाकली. रौनोच्या बायकोनं पण टाकली. तिला गाडी घेऊन काय करायचंय, पण माझ्यासाठी टाकली. ती खाण्याच्या टपरीवर होती, हात पिठाचे होते, ते पुसत लिहिलं. मग मी तुझ्या नावाची लिहून टाकायला गेले.

पेंत्ती म्हणाला, “साइमी, माणूस हजर हवं.”

“आजोबा हजर आहेत, गाडी हजर आहे, मी हजर आहे. आणखी किती हजर हवं?”

“मला गोत्यात आणू नकोस. मागच्या वेळी आधीच...”

“मागच्या वेळी तू काय केलंस ते मला ठाऊक आहे. तू वही घेऊन तिचा परवाना घेतलास.”

त्यानं मान खाली घातली, पण चिठ्ठी घेतली नाही. नियम. डब्यात एवढ्या चिठ्ठ्या झाल्या की झाकण बसेना. इल्मायोकीवाले तर घरची सगळी माणसं घेऊन आले होते. पेंत्तीच्या बायकोनं हात घालून एक उचलली.

इल्मायोकीच्या एकाची निघाली, तोंडात काडी चावणारा, टोपीवाला एक तिशीतला माणूस. वाईट नाही, आडदांड आहे एवढंच. म्हाताऱ्याकडे आला आणि थांबला. मागच्या वेळची गोष्ट इल्मायोकीतही पोचलेली असणार. सगळे बघत होते, आता हा परत आत जाऊन बसणार. मलाही वाटलं. खरं सांगते, बसावं असंच वाटत होतं.

म्हाताऱ्यानं खिशातून किल्ली काढली आणि त्याच्या हातात ठेवली. म्हणाला, “थंडीत चोक अर्धाच ओढायचा. पूर्ण ओढलास तर प्लग भिजतील.” टोपीवाल्यानं टोपी काढली. म्हणाला, “बरं, आजोबा.” मग मला हळूच विचारलं, “हे पिवळे ठिपके कसले?” मी म्हटलं, “म्हातारपणाचे. पुसू नकोस.”

किल्ली दिल्यावर म्हाताऱ्यानं गर्दीकडे बघितलं. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, एकेक चेहरा, हळूहळू. कुणाला शोधत होता ते तुला सांगायला नको.

साइमी

*

१२ ऑक्टोबर

कैसू,

बटाटे काढले, ह्या वर्षी लहान आहेत. तुझ्या पत्राची वाट मी बघत नाही. तो बघतो.

शर्यतीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी तो शेडमधून आला आणि म्हणाला, “साइमी, गाडी चोरीला गेली. पोलिसांना फोन कर.” मी म्हटलं, “विकली काल. तू विकलीस.” खुर्चीवर बसला. “मी? मी कशाला विकेन? कैसूची आहे ती.” सगळं परत सांगितलं. खाण, डबा, टोपीवाला, किल्ली. ऐकलं त्यानं. कॉफी गार झाली. जेवला नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी परत. “साइमी, गाडी चोरीला गेली.”

मी रोज सांगत होते. रोज त्याला नव्यानं कळायचं आणि रोज तो नव्यानं तसाच बसायचा. एकदा म्हणाला, “मला असं कुणी सांगितलं असतं तर मी केलंच नसतं.” आठवडाभर मी खरं सांगितलं. मग मला कंटाळा आला. दया वगैरे नाही, कंटाळा. एका सकाळी मी म्हटलं, “कैसू घेऊन गेली.”

त्यानं मान वर केली. “कधी?”

“काल.”

“मी कुठे होतो?”

“सॉनामध्ये.”

“मला न भेटता गेली?”

“घाईत होती. बस पकडायची होती.” गाडी घेऊन गेलेल्या माणसाला बस कशाला पकडायची असेल, हे माझ्या तोंडून निघाल्यावर माझ्या लक्षात आलं. त्याच्या आलं नाही.

“रागावलीय अजून?”

“नाही.”

दोन पाव खाल्ले. हेरिंग मासा खाल्ला. मग विचारलं, “क्लच जरा वर धरतो, तिला सांगितलंस का?” मी म्हटलं, सांगितलं.

तेव्हापासून रोज तेच चाललंय. रोज तू काल येऊन गेलीस, रोज तो सॉनामध्ये होता. आता तो भिंतीवर टाचलेल्या तुझ्या कार्डाकडे बघत फोनशी बसतो. नंबर वाचतो, आकडे फिरवतो, मधेच विसरतो, ठेवून देतो. एखाद्या दिवशी लागेल.

माझं मागणं एवढंच. लागला तर उचल. कशी आहेस, कसे आहात, काही नको. म्हण, गाडी चांगली आहे. म्हण, ब्रेक दाबला की डावीकडे ओढते. काहीतरी दुरुस्त करायचं आहे असं म्हटलं की त्याचा दिवस जातो. तेवढं खोटं तुला जमेल. तू शर्यतीच्या आधी सगळ्यांना सांगायचीस, गाडीत काही दम नाही, तसंच.

साइमी

*

१७ ऑक्टोबर

कैसू,

माझं पत्र तुला आज-उद्या मिळेल. त्याचा फोन बुधवारी लागला. मी गोठ्यात होते, आत आले तेव्हा तो बोलतच होता. तू काय म्हणालीस ते ऐकू आलं नाही, तो काय म्हणाला ते आलं. “क्लच वर धरतो, बघितलंस ना?” मग, “नाही? तुझ्याकडे नाही?” मग रिसीव्हर ठेवला. नीट ठेवला, आपटला नाही.

तुझ्यावर राग नाही. तुला माहीत नव्हतं. तू खरं बोललीस. ह्या घरात खरं बोलणारं माणूस फोनवर का होईना, मिळालं.

तो टेबलाशी येऊन बसला. म्हणाला, “गाडी तिच्याकडे नाही, म्हणते. मग कुणाकडे आहे?”

आता काय सांगणार होते. सांगितलं. टोपीवाला. त्यानं पुढे गाडीचं काय केलं ते मात्र म्हाताऱ्याला नाही सांगितलं, तुला सांगते. दोन आठवड्यांपूर्वी दुसऱ्या ट्रॅकवर त्यानं ती खडकावर आपटली. माणसाला काही झालं नाही. गाडीचं पुढचं अर्धं गेलं. रौनो बघून आला. म्हणाला, इंजिन कुणीतरी बोटीसाठी नेलं, बाकी भंगारात. मी विचारलं, ठिपके? म्हणाला, दिसत होते.

म्हाताऱ्याला मी एवढंच म्हटलं, “तू विकलीस. शर्यतीनंतर. नियमाप्रमाणे. किल्ली आपल्या हातानं दिलीस.”

मी वाट बघत होते की आता तो तसा बसेल. नाही बसला. विचार करत राहिला. मग म्हणाला, “आपल्या हातानं?”

“आपल्या हातानं. सगळ्यांसमोर.”

“कैसूनं पाहिलं?”

मी बटाटे सोलत होते. सुरी थांबली नाही. म्हटलं, “पाहिलं.”

“मग बरं,” म्हणाला. आणि एक बटाटा उचलून माझ्यासमोर सोलायला बसला. तीन सोलले, चौथा सोललेला होता तोच पुन्हा सोलला.

आता सकाळी शेडमधून आला की हेच सांगते. गाडी गेली, किल्ली त्यानं दिली, तू पाहिलंस. हे त्याला चालतं. तू गाडी नेलीस ह्यापेक्षा हे जास्त चालतं. ब्रेकचं वगैरे लिहिलं होतं, ते राहू दे.

येऊ नकोस. आलीस तर तो तुला विचारेल, तुम्ही कुठल्या गावच्या. फोन परत आलाच तर एवढंच म्हण, हो, पाहिलं. जमत नसेल तर उचलू नकोस, मी म्हणेन तू कामावर आहेस.

साइमी